हातात दिलेलं पत्र

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी दोनतीनदा अगदी ओठावर आलं होतं — जेवताना, ताट समोर असताना — आणि मी म्हणालो, आमटी वाढ. गावात देवळाच्या ओट्यावर आम्ही चारपाच म्हातारे संध्याकाळी बसतो, तिथे विकलेल्या जमिनींपासून दुखणाऱ्या गुडघ्यांपर्यंत सगळं निघतं. हे तिथेही निघालं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्याकडे कधी कामासाठी आलेला नाहीत. आला असाल तर — तर मला आधी विचारावं लागेल, पत्र तुमच्या हातात दिलं होतं का?

काही कळलं नाही ना? सांगतो. पण जरा वळसा घेऊन येऊ द्या. सरळ मुद्द्यावर यायची मला सवयच नाही. आयुष्यभर ‘उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की’ असं लिहीत आलो, आणि त्या ‘की’च्या पुढचं वाचायला कुणी थांबत नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मी भोईर. भाईंदरच्या बाजूच्या एका जुन्या गावातला, आगरी. गावाचं नाव सांगत नाही, वस्तीचंही सांगणार नाही, आणि ज्याच्यासाठी मी काम केलं त्याचं तर नाहीच. त्याला सगळे भाऊ म्हणतात, तुम्हीही भाऊच म्हणा. कबुली द्यायला बसायचं आणि नावं लपवायची — हा भित्रेपणाच आहे, मान्य. तो माझा जुनाच आहे. भाऊ आणि मी शाळेत एका बाकावर होतो. त्याच्या घरची जमीन जास्त होती आणि माझं अक्षर चांगलं होतं. पुढे त्याची जमीन बिल्डरांकडे गेली आणि तो नगरसेवक झाला. मी हाटकेशच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका गाळ्यात कारकून होतो, तो गाळा बंद पडला आणि मी भाऊचा लिहिणारा झालो.

शांती नगरच्या एका सेक्टरमध्ये तळमजल्यावर भाऊचं जनसंपर्क कार्यालय. आधी तिथे झेरॉक्सचं दुकान होतं, भिंतीवर अजून त्याच्या रेटबोर्डाचे खिळे आहेत. आठ प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा जार, भाऊचा हात जोडलेला मोठा फोटो आणि फोटोखाली मी. माझ्या खणात भाऊच्या लेटरहेडांचा गठ्ठा असायचा, खाली सह्या आधीच केलेल्या. मजकूर मी भरायचा. गटार तुंबलंय, दिवा बंद आहे, झाडाची फांदी गॅलरीत आली आहे, नळाला दाब नाही — कुणी काहीही घेऊन या, पाच मिनिटांत पत्र तयार. लोक म्हणायचे, भाऊच्या ऑफिसातून कुणी रिकाम्या हाताने जात नाही. हे वाक्य मी पुढे बॅनरवरही टाकलं होतं.

आणि ते खरं होतं. ज्यांचं काम करायचं नसायचं, ते कुणीच रिकाम्या हाताने जात नसत.

आता ती पद्धत ऐका. भाऊची पत्रं इतकी जायला लागली की प्रभाग कार्यालयातले एक साहेब — नाव नको, ते रिटायर होऊन गावी गेले — एकदा भाऊला म्हणाले, अहो, दिवसाला इतकी पत्रं, यातली खरी कुठली धरायची? काहीतरी खूण ठेवा. भाऊ म्हणाला, शाई वेगळी वापरू. ज्याचं करायचं त्याला हिरवी, बाकीच्यांना निळी. तेव्हा मी बोललो. मला कुणी विचारलं नव्हतं, चहाचे कप उचलत होतो फक्त. मी म्हणालो, शाई लोकांच्या लक्षात येते साहेब. खूण ठेवायचीच कशाला? ज्याचं काम करायचं ते पत्र मी स्वतः बॅगेतून घेऊन येईन, तुमच्यासमोर बसेन, शेरा मारून घेईन. आणि जे पत्र माणूस स्वतःच्या हाताने घेऊन येईल, त्याला फक्त पोचेचा शिक्का द्या.

साहेब हसले. भाऊने माझ्या पाठीवर थाप मारली. आणि मी — खोटं कशाला बोलू — मी त्या दिवशी घरी जाताना खुशीत होतो. इतक्या वर्षांत कुणी माझ्या अकलेची तारीफ केली नव्हती.

म्हणजे ती पद्धत भाऊची नव्हती. माझी होती. हा पहिला कबुलीजबाब, पण हा तो नाही.

सोसायट्यांचे चेअरमन आले की मी म्हणायचो, तुम्ही कशाला त्रास घेता, मीच पोचवतो. पत्र बॅगेत. झोपडपट्टीतली माणसं आली की मी उभा राहायचो, पाणी विचारायचो, पत्राची घडी घालून दोन्ही हातांनी त्यांच्या हातात द्यायचो. ‘स्वतः नेऊन द्या, पोच घ्या, जपून ठेवा.’ त्यांना काय वाटायचं सांगू? त्यांना वाटायचं, आपल्यावर विश्वास टाकला. ज्याला कुठल्याही टेबलावर कागद मिळत नाही, त्याच्या हातात नगरसेवकाच्या सहीचा कागद. माणसं तो पिशवीत घालून, पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून नेत. आणि चेअरमन लोक कधीकधी कुरकुरायचे की आम्हाला साधं पत्र दाखवतही नाहीत.

वस्तीची कामं का करायची नाहीत, हे मी एकदा भाऊला विचारलं होतं. म्हणजे मी अगदीच मुका नव्हतो. तो दाढी करून घेत होता, डोळे मिटलेले. म्हणाला, “त्यांचा काम झाला तं ते परत येतील कशाला?” न्हावी हसला. मीही हसलो.

आता अंजनाबाई.

ती जालन्याकडची. नवऱ्याबरोबर इकडे आली तेव्हा दोघं बिगारी काम करत. पुढे नामदेव, तिचा नवरा, एका टॉवरवर रात्रपाळीचा वॉचमन झाला आणि ती सिल्व्हर पार्कात तीन घरी पोळ्या करायला लागली. खाडीच्या बाजूला, जिथे पूर्वी मिठागर होतं, तिथे एका लाइनीत यांची घरं. लाइनीतल्या बायकांचा बचत गट होता, त्याची ती अध्यक्ष. बुटकी, ठणठणीत आवाजाची, आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायची. ती उठली की लाइन उठायची, ती बसली की लाइन बसायची. भाऊला अशी माणसं फार आवडतात.

यांच्या घरांच्या पाठीला एक भिंत होती. पलीकडे नवं कॉम्प्लेक्स उभं राहत होतं, त्यासाठी मातीचा भराव घातलेला — पुरुषभर उंच. तो भराव अडवायला भिंत. घरांनी ती भिंतच आपली पाठची भिंत म्हणून वापरली होती. पत्रे तिच्यावर टेकवलेले, खिळे तिच्यात ठोकलेले, देव तिच्यावर टांगलेले. बिल्डर भाऊचा माणूस. माणूस म्हणजे — भाऊ त्याचा माणूस होता की तो भाऊचा, हे मला कधीच नीट कळलं नाही.

एका हिवाळ्यात अंजनाबाई आली आणि म्हणाली, “दादा, भिंतीला पोट आलंय. तुमी एकदा येऊन बगा.”

पत्र मी तिथल्या तिथे लिहून दिलं असतं. पण ती म्हणाली बगा, म्हणून मी गेलो. का गेलो? मला वाटतं, मला ती जागा बघायची होती. माझ्या बापाने तिथेच मीठ ओढलं होतं. शाळेला सुट्टी असली की मी डबा घेऊन जायचो तिथे. आणि मिठागरावर वाढलेल्या पोराला दुसरं काही नाही तरी बांध कळतो. बांध एकदम फुटत नाही. आधी त्याला पोट येतं. मग पायथ्याशी पाझर लागतो. पाझर पांढरा असेल तर ठीक, वरचं पाणी आहे. काळा असेल तर खालची माती सुटली. मग आमचे लोक वाट बघत नसत, अमावास्या-पुनवेचं उधाण यायच्या आत बांध नवा घालत, आणि तोवर त्याच्या सावलीलासुद्धा कुणी बसत नसे. बाप मला हात धरून लांब ओढायचा.

मी अंजनाबाईच्या घरात शिरलो. दुपार होती. नामदेव रात्रपाळी करून आलेला, खाटेवर झोपला होता. खाट भिंतीला लागून, डोकं भिंतीकडे — तिथे गार लागतं म्हणून. तो उठायला लागला, मी म्हणालो, झोपा झोपा. मी खाली वाकलो. कॅलेंडरवर डिसेंबर होता, पावसाचा थेंब पडून दोन महिने झालेले, आणि भिंतीच्या पायथ्याशी जमीन ओली. मी बोट लावलं. काळं होतं.

तिने विचारलं, काय वाटतंय दादा?

मी म्हणालो, बघतो.

पत्र मी लिहिलं. चांगलं लिहिलं, मुद्देसूद, ‘जीवितास धोका संभवतो’ असंही लिहिलं. आजही ते पत्र तुम्ही वाचलंत तर म्हणाल, या माणसाला किती कळकळ आहे. भाऊला फोन केला. तो म्हणाला, “मना नको सांगू. तू बग.” त्याचा अर्थ मला माहीत होता, आणि तुम्हालाही आता माहीत आहे. मी पत्राची घडी घातली, उभा राहिलो आणि ते तिच्या हातात दिलं.

ती प्रभाग कार्यालयात गेली. शिक्का मिळाला. पंधरा दिवसांनी परत गेली. साहेब रजेवर. परत गेली. फाइल पुढे गेली आहे. दर वेळी येताना माझ्याकडे यायची, सांगायला, जणू मी तिची वाट बघत बसलेलो असेन. पोळ्यांच्या दोन घरी तिला बोलणी बसत होती, पण ती जायची. मी तिला प्रत्येक वेळी पाणी दिलं.

इथवर तुम्ही म्हणाल — असं तर सगळीकडे चालतं. मीही स्वतःला हेच सांगत आलो. कारकून होतो, हुकमाचा ताबेदार होतो, मी नाही तर दुसऱ्याने दिलं असतं. हे सगळं मी तोंडपाठ म्हणू शकतो. पण यातलं काहीही पुढच्या गोष्टीला लागू पडत नाही. पुढची गोष्ट अशी आहे — मघापासून मी तिच्याच भोवती घिरट्या घालतोय.

अंजनाबाईने जायचं ठरवलं.

नालासोपाऱ्याला तिचा भाऊ राहतो. त्याच्या शेजारी एक खोली भाड्याने मिळत होती. ती ऑफिसात आली, या वेळी काही मागायला नाही, सांगायला. म्हणाली, दादा, मला झोप लागत न्हाई. रात्री हे ड्युटीवर, मी पोरीला घेऊन दारात झोपते. आम्ही जातो इथून. भिंत झाली की येऊ परत. आणि मग म्हणाली, “तुमी सांगा, जाऊ का राहू? तुमाला कळतंय.”

मला कळत होतं. साऱ्या मीरा-भाईंदरमध्ये त्या भिंतीबद्दल माझ्याइतकं नीट कळणारा दुसरा माणूस त्या घडीला नसेल. तिने योग्य माणसाला विचारलं होतं.

मी म्हणालो, उद्या सांगतो. ती गेल्यावर भाऊला सांगितलं. या वेळी त्याने लक्ष देऊन ऐकलं. म्हणाला, “ती हालली तं आख्खी लाइन हालल. मंग पेपरवाले इचारतील, का हालली.” कॉम्प्लेक्सचं बुकिंग चालू होतं. शिवाय निवडणूक तोंडावर आली असं तेव्हा सगळ्यांना वाटत होतं, आणि त्या लाइनीतली मतं एकगठ्ठा होती. त्याने मला काय कर ते सांगितलं नाही. तो कधीच सांगत नाही, हीच त्याची हुशारी.

जे केलं ते माझ्या डोक्यातून निघालं, पुन्हा एकदा.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिच्या घरी गेलो. दारातच उभा राहिलो. आत गेलो नाही — हे लक्षात ठेवा, मी आत गेलो नाही. आणि तिला सांगितलं की वस्तीचा सर्व्हे लागणार आहे. कुठल्याही दिवशी माणसं येतील. घराला कुलूप दिसलं की नाव कापतात, मग तुम्ही अपात्र. उद्या इथे पक्की घरं झाली तर तुमचं त्यात नाही. इतकी वर्षं काढलीत, आता थोडक्यासाठी घालवू नका. भिंतीचं म्हणाल तर इंजिनिअर बघून गेले, मंजुरी झाली, महिनाभरात काम. तुमच्या हातात पत्र आहे, पोच आहे. राहा निर्धास्त.

इंजिनिअर आला नव्हता. मंजुरी नव्हती. सर्व्हेचं — सर्व्हे होतात, कुलूप दिसलं की नावं कापतात, हे खरं आहे, आणि खरं असल्यामुळेच ते खोटं इतकं छान बसलं. तिचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. तिने भावाला माझ्यासमोर फोन लावला आणि खोली नको म्हणून सांगितलं. मग म्हणाली, चहा घेऊन जा. मी म्हणालो, पुन्हा कधीतरी.

हे मी केलं. पत्र हातात देणं ही पद्धत होती. हे पद्धतीबाहेरचं होतं. एका बाईला घर सोडून जीव वाचवायचा होता आणि मी तिला थांबवलं, मला सगळं माहीत असताना. ती खाट कुठे लावलेली आहे, कुणाचं डोकं कुठल्या बाजूला आहे, हेसुद्धा माहीत असताना.

मधले आठवडे मी कसे काढले? बरे काढले. खोटं सांगत नाही. जेवलो, लग्नांना गेलो. फक्त एक केलं, भिंतीवरचं कॅलेंडर बदललं. जुन्यावर तिथी आणि भरतीच्या वेळा छापलेल्या असायच्या. नवं आणलं ते एका बँकेचं, त्यावर नुसत्या तारखा. बायको म्हणाली, यात संकष्टी कळत नाही. पण अमावास्या कळायला मला कॅलेंडर थोडंच लागतं? खाडीकाठच्या माणसाला ते वासाने कळतं. त्या सकाळी ऑफिसला निघताना वास आला. मी रिक्षा केली आणि वस्तीची बाजू टाळून लांबच्या रस्त्याने गेलो.

अकराच्या सुमाराला फोन आला. मी भाऊच्या वाढदिवसाच्या बॅनरचा मजकूर तपासत होतो. स्वच्छ ऊन होतं बाहेर.

लाइनीतली बहुतेक माणसं कामावर गेलेली, पोरं शाळेत. लोक म्हणाले, देवाची कृपा. चार घरं दबली आणि त्यांतल्या एकाच घरात माणूस होता. रात्रपाळी करून आलेला, दिवसा झोपणारा. अग्निशमनवाले माती उपसत होते तेव्हा अंजनाबाई सिल्व्हर पार्कातून पळत आली. कोपरापर्यंत हातांना पीठ. ती मातीपाशी उभी राहून माणसांना हात करून दाखवत होती — इकडे खणा, इकडे, खाट या बाजूला आहे, डोकं भिंतीकडे आहे. त्यांनी तिकडे खणलं आणि तो तिथेच होता.

मी गर्दीत होतो. तिने मला पाहिलं, आणि मला वाटलं, आता. आता ही बोट दाखवेल. ती माझ्याकडे आली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. माझ्या शर्टाला पीठ लागलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात, माझा, तिथे होता — मला तो काढता आला नाही.

तुम्हाला वाटत असेल, संपलं. नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊचा निरोप आला. “तिच्याजवळ ती पोच हाय ना? आण.” मी गेलो. ती शेजारणीच्या घरात भिंतीशी बसली होती — भिंतीशी म्हणतोय, पण भिंतीपासून हातभर सुटून. पिशवी तिच्याजवळच होती. आदल्या दिवशी ढिगाऱ्यातून तिने काय काढून घेतलं असेल, तर ती पिशवी. तिने आतली पिशवी सोडली, पत्राची शिक्का मारलेली प्रत काढली आणि काही न विचारता मला दिली. म्हणाली, भाऊंनी तर पत्र दिलं होतं. त्यांचं काय चुकलं?

भाऊने ते पत्र पत्रकारांसमोर दोन हातांत धरलं. माझा मजकूर. ‘जीवितास धोका संभवतो.’ भाऊ म्हणाला, मी आधीच इशारा दिला होता, प्रशासन झोपलं होतं. अंजनाबाई शेजारी उभी होती, तिनेही माईकमध्ये तेच सांगितलं. जे पत्र काम होऊ नये म्हणून दिलं, ते असं कामाला आलं. चौकशी बसली आणि काही दिवसांनी उठली. बिल्डरने भिंत नवी बांधून दिली, काँक्रीटची, चांगली जाड. लाइन तिथून उठवली. आता तिथे कॉम्प्लेक्सच्या गाड्या लागतात. सर्व्हे झालाच नाही.

याला बरीच वर्षं झाली. अंजनाबाई आता दुसऱ्या वस्तीत भाड्याने राहते, पोळ्या तशाच करते. मुलगी दहावीला आहे. रस्त्यात भेटली की थांबते. ओळखीच्या बायांना माझ्याकडे बोट दाखवून सांगते, हे भोईरदादा, आमच्यासाठी यांनी लई केलं. मी मान हलवतो. काय करतो मी? मान हलवतो. तिला खरं सांगावं असं मला कधी वाटलं का? वाटलं. मग वाटलं, सांगून तिच्याकडे काय उरेल? हे मी तिच्या भल्यासाठी म्हणत असे. तेही खोटंच होतं. मला माझ्यासाठी उरवायचं होतं.

तिच्यामुळे माझं नाव झालं. गोरगरिबांच्या वस्त्यांमधून माणसं येतात आणि म्हणतात, अंजनाबाईने पाठवलं, भोईरांनाच भेटा म्हणाली. दुसऱ्या कुणाकडे जात नाहीत. एखादा असता जो खरंच पत्र पोचवतो, त्याच्याकडेही गेली नसती, कारण अंजनाबाईचा शब्द आहे. भाऊ आता पुन्हा जोरात आहे. ऑफिसला नवा रंग दिला, खुर्च्या बारा झाल्या. मी तिथेच आहे, फोटोखाली.

परवा सोमवारी ती स्वतः दोन बायांना घेऊन आली. त्यांच्या वस्तीत सार्वजनिक नळाला लागून दिव्याचा खांब आहे. त्याच्या पेटीचं दार तुटलंय, आतली वायर बाहेर आली आहे. खांबाला हात लागला की झटका बसतो. एकीने हात पुढे करून दाखवला, करंगळीच्या बाजूला काळं पडलं होतं. ती हसत होती दाखवताना. म्हणाली, हंडा भरताना कितीबी सांभाळलं तरी पदर लागतोच.

भाऊ ऑफिसात नव्हता. त्याला फोन केला नाही. ‘तू बग’ असं या वेळी कुणी म्हणालं नाही, म्हणायची गरजही नव्हती, कुणाला कळलंही नसतं. मी लिहिलं. सही केलेली होतीच. बॅग खुर्चीच्या पाठीला अडकवलेली होती, माझ्या हाताशी. प्रभाग कार्यालय तिथून चालत दहा मिनिटांवर आहे.

मी उभा राहिलो आणि पत्र त्या बाईच्या हातात दिलं.

अंजनाबाई तिला म्हणाली, जप हं.

आज बुधवार. त्या नळाला एक दिवसाआड पाणी येतं. उद्या सकाळी साडेसहाला येईल.